जागते ठेवलेले नंबर

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी शेलारभाऊंचा कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. तिथून हे सगळं सुरू झालं. आमच्या चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला हात अडकलेले असतात, तोंड मोकळं असतं. त्यामुळे किस्से टेबलाखालच्या चुऱ्यासारखे साठतात. दुपारी झाडून घ्या, संध्याकाळी पुन्हा आहेच. त्यातले थोडे सांगते.

शेलारभाऊ म्हणजे आमचे अकाउंटंट. माल, बिलं, हजेरी, पगार, सगळं त्यांच्या त्या एका कॉम्प्युटरात. तो घेतला तेव्हा लोणावळ्यात एक दुकान होतं आणि चार बायका. आता पाच दुकानं, ऑनलाइन ऑर्डरी आणि साठ बायका. कॉम्प्युटर मात्र तोच. उन्हाळ्यात टेबलफॅनचं तोंड भाऊंकडे नसायचं, त्याच्याकडे असायचं.

तो बंद पडला तेव्हा भाऊ शांत होते. धावत आले ते शेठ. "त्यातलं काही जाणार नाही ना?" असं तीनदा विचारलं.

माझ्या शेजारी हिराबाई मावशी बसतात. त्या हळूच म्हणाल्या, "बिलं जातील म्हणून मानूस एवढा पांढरा पडत न्हाई. त्यात काय तरी हाय."

आम्हाला संशय यायला कारण होतं. शेठ रोज पावणेनऊला, आम्ही आत यायच्या आधी, त्या कॉम्प्युटरपाशी जायचे. दाराकडे पाठ करून दोन-चार बटणं दाबायचे आणि निघून जायचे. आम्ही जीपमधून उतरताना खिडकीतून दिसायचं. आमचे तास कापतात, हे आम्ही कधीच ठरवून टाकलं होतं.

*

मावशींचा किस्सा तर सगळ्या मावळात सांगण्यासारखा आहे.

त्या कॉम्प्युटरात कामगारांच्या साठच नावांची जागा होती. चार वर्षांपूर्वी मावशी कामाला आल्या तेव्हा आम्ही एकोणसाठ जणी होतो. मीच मोजलं होतं. तरी कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही. मी भाऊंना म्हटलं, "एक जागा आहे की." भाऊ म्हणाले, "तू तुझं काम बघ."

शेवटी त्यांनी मावशींचं नाव मालाच्या यादीत घातलं. शेंगदाणे, गूळ, तूप, हिराबाई – नग एक. पगारसुद्धा तिथूनच निघायचा, खरेदी म्हणून.

वर्षाच्या शेवटी ऑडिटचे साहेब माल मोजायला आले. सगळं जुळलं, एक नग मिळेना.

"हा हिराबाई माल कुठं ठेवलाय?"

भाऊ म्हणाले, "पॅकिंगला बसलाय. डबा खातोय."

मावशी अजून सांगतात, "चार वर्सं तुपाखाली व्हते, पर शिळी म्हणून कुणी भाईर काडली न्हाई."

*

मग पुण्याहून पल्लवी मॅडम आल्या, नवी सिस्टीम बसवायला. लॅपटॉप घेऊन आमच्यामध्ये स्टूल टाकून बसल्या. गोड बोलायच्या. त्यानं तर आम्ही जास्तच घाबरलो. माणसं कमी करायची असली की पहिल्यांदा मोजायला कुणीतरी गोड माणूस येतं.

"मावशी, दिवसाला किती पेट्या भरता?"

"भरतो तेवड्या."

"म्हणजे साधारण?"

"साधारन न्हाई, चांगल्या भरतो."

मॅडमनी काहीतरी टाइप केलं. मावशींनी मान लांब करून पाहिलं आणि मला विचारलं, "काय लिवलं गं?" मी वाचलं. लिहिलं होतं, 'यांना विचारू नये.'

*

आता माझी भीती सांगते.

जुन्या कॉम्प्युटरात तीन महिने हजेरी पडली नाही की नंबर आपोआप पुसला जायचा. पुसला की तुमची मागची वर्षं गेली. म्हणून आमच्यात एक रीत पडली होती. बाळंतपणाला जाणारी घरातल्या कुणाला तरी आपल्या नंबरावर बसवून जायची. नंबर जागता ठेवायचा, असं आम्ही म्हणायचो. भाऊंना ठाऊक होतं. शेठना ठाऊक आहे की नाही, ते कुणी विचारायला गेलं नाही.

माझा नंबर सत्तावीस. प्रज्ञा झाली तेव्हा पाच महिने त्यावर वंदाताई बसली. वंदाताई माझी सख्खी बहीण आणि जाऊसुद्धा, एकाच घरात दिलेल्या आम्ही. आणि आता मॅडमनी सांगितलं होतं, ज्यांची पाच वर्षं सलग हजेरी, त्या नव्या सिस्टीममध्ये पर्मनंट. माझी पाच भरत होती, पण त्यातले पाच महिने ताईचे. नवऱ्याचं काम पवनानगरला पर्यटकांच्या कॅम्पवर, सीझनपुरतं. माझा नंबर गेला तर प्रज्ञाला बालवाडीत कसं घालणार आणि घरात काय शिजवणार, एवढा साधा हिशोब होता.

त्यात चेहरा ओळखायचं मशीन आलं. एकदा मी डबा विसरले म्हणून वंदाताई घरून, बेडशाहून घेऊन आली. मशीनच्या काचेत बघून केस सारखे करायला गेली, तर मशीन माझंच नाव बोललं, "रेश्मा, हजर."

मी तिला हाताला धरून बाहेर ओढलं. ती म्हणते, "अगं, त्याला सवय हाय माजी."

*

आणि माझं शहाणपण बघा. मी सातवी शिकलेली म्हणून नव्या सिस्टीमसाठीचे विम्याचे फॉर्म सगळ्यांचे मीच भरले. मुलांची नावं, जन्मतारखा, सोबत दाखले. छान अक्षरात. कुठं खाडाखोड नाही.

फॉर्म देऊन झाल्यावर, हात धुताना माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलाच्या जन्माची तारीख आहे, त्याच दिवशी आईची हजेरीही आहे. नंबर जागते ठेवलेल्या चौदा जणींचा पुरावा मीच नेऊन दिला होता.

धावत भाऊंकडे गेले. "भाऊ, तो प्रज्ञाचा दाखला द्या. लॅमिनेट करायचाय."

भाऊ म्हणाले, "आत गेला. आता तुझ्यापेक्षा मशीनला जास्त माहिती आहे."

*

चार दिवसांनी केबिनमध्ये बोलावणं आलं. मावशी न बोलावता माझ्यामागून आल्या. आत शेठ, भाऊ आणि मॅडम.

मॅडम म्हणाल्या, "सर, सिस्टीमने ही नावं लाल केलीत. चौदा जणी मूल झालं त्या दिवशी कामावर हजर आहेत. सत्तावीस नंबरनं तर त्या दिवशी बेचाळीस पेट्या भरल्यात."

मावशी म्हणाल्या, "पैलटकरीन व्हती. घाबरून भरल्या असतील."

कुणी हसलं नाही. मी पुढं होऊन म्हटलं, "शेठ, हात बहिणीचे, नाव माझं. पेट्या खऱ्या आहेत. काढायचं तर मला एकटीला काढा. बाकीच्यांचे फॉर्म मीच भरलेत."

शेठनी विचारलं, "भाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

भाऊ म्हणाले, "नंबर पुसला असता, शेठ."

मॅडमचं बोट यादीवर पुढं सरकलं.

"सर, अजून एक आहे. नंबर एक. नऊ वर्षांत एकही खाडा नाही, रविवारीसुद्धा हजर. वेळ रोज पावणेनऊ. पगार मात्र एकदाही उचललेला नाही. या कोण? बोलवा ना, त्यांचा चेहरा घ्यायचा राहिलाय."

भाऊ खाली बघायला लागले. मी आणि मावशींनी वर पाहिलं. शेठच्या खुर्चीमागं त्यांच्या आईचा फोटो आहे. पहिल्या दुकानात गूळ त्यांनीच आटवला होता. फोटोला चाफ्याचा हार होता, त्या दिवशीचा.

शेठनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "मॅडम, नव्या सिस्टीममध्ये नंबर किती दिवसांनी पुसला जातो?"

"पुसलाच जात नाही, सर."

"मग त्या चौदाही राहू द्या."

बाहेर आल्यावर मावशी बराच वेळ बोटांवर मोजत होत्या. एकोणसाठ आम्ही आणि एक त्या. मग म्हणाल्या, "बसू दे त्यांना. मी तुपाखाली बरी व्हते."

तर आता एवढं करा. बेडसे, शिरगाव, पवनानगर, जिकडं कुणी ओळखीची असेल तिला निरोप द्या. दुसरीच्या नंबरावर जिनं जिनं काम केलंय, तिनं आपलं आधारकार्ड घेऊन सोमवारी नऊच्या आत यावं, तिला स्वतःचा नंबर मिळणार आहे. एकसष्ट मावशींनी घेतला, बासष्ट वंदाताईचा. पुढचा कुठलाही मागा. एक नंबर तेवढा मागू नका.