जनाक्काचा चटणीपाव

जनाबाई अळणावरजवळच्या एका खेड्यातली. लग्न होऊन हुबळीला आली ती रेल्वेच्या कारखान्यात घण मारणाऱ्या पुंडलिकच्या घरात. सहा वर्षं संसार झाला आणि एका पावसाळ्यात पुंडलिक तापानं फणफणला तो उठलाच नाही. पदरी मूल नव्हतं. माहेरी जाऊन भावजयीची बोलणी खाण्यापेक्षा तिनं इथंच चूल पेटवली आणि भाकऱ्यांची टोपली घेऊन कारखान्याच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसू लागली.

दुपारच्या सुट्टीत माणसं बाहेर येत ती कोपरापर्यंत तेलानं काळी झालेली. हात घासत बसायला कुणाला सवड? जनाबाई भाकरीवर कारळ्याची चटणी पसरायची, वर तेलाची धार, फोडलेला कांदा, आणि भाकरी दुमडून पळसाच्या पानात द्यायची. पान धरून उभ्या उभ्या खाल्लं की झालं. बघता बघता ती साऱ्या कारखान्याची जनाक्का झाली.

पण भाकरी काही आपोआप थापली जात नाही. पहाटेपासून परात आणि तवा, तवा आणि परात. बारा वर्षांत तिचा उजवा खांदा असा धरला की अंबाडा घालायलाही हात वर जाईना. शेजारची सीता तिचे केस विंचरून द्यायची. त्यात लढाई आली आणि जोंधळा मिळेनासा झाला. मिळे तो किडका, जुनाट. भाकरी थापता थापताच चिरायची.

"पाव घे की," सीता म्हणाली. "स्टेशनजवळच्या भट्टीत मिळतो."

"पायानं तुडवलेलं पीठ ते! दुखणाईतानं खावं फार तर. मग माझ्या हातचं कोण खाईल?"

तरी एक सकाळ अशी आली की खांदा हललाच नाही. परातीतलं पीठ तसंच राहिलं. जनाबाई भिंतीला टेकून बसली. रडूसुद्धा येईना. बऱ्याच वेळानं उठली आणि भट्टीची वाट धरली.

कोरडी चटणी पावातून सांडत होती, म्हणून तिनं ती घट्ट दह्यात कालवली. पावाच्या दोन कापांमध्ये ती लावली, मध्ये काकडीच्या चकत्या ठेवल्या.

फाटकाशी माणसं टोपली बघून थबकली. म्हातारा फिटर परशुराम पुढं झाला. "जनाक्का, हे काय? भाकरी कुठाय?"

"हात चालत नाही, अण्णा. हे आहे. खायचं तर खा, नाहीतर राहा उपाशी."

असं ती कधी कुणाला बोलली नव्हती. दोघंचौघं तोंड फिरवून गेले. परशुरामानं एक पाव उचलला, हुंगला, चावला. "मऊ आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडात दात थोडेच उरले होते. "आणखी एक दे."

आठवडाभर अर्धी टोपली परत आली. नंतर कचेरीतले कारकून शिपायाला धाडू लागले, आणि चार महिन्यांत तर उशिरा येणाऱ्याला काही उरेना. लिंबाखाली आणखी दोन बायका पाव घेऊन बसू लागल्या. कोप्पीकर रोडवरच्या एका हॉटेलवाल्यानं त्यात उकडलेला बटाटा घातला आणि पाटीवर लिहिलं, 'आमचा खास चटणीपाव'.

सीता चिडली. "जाऊन सांग त्याला! शक्कल तुझी आहे."

"शक्कल कसली बाई? दमले होते मी."

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिनं टोपली सीताच्या सुनेला, कमलला, दिली. फाटकाकडं पुन्हा गेली नाही. दुपारी चटईवर पडून राहायची. झोप लागायची नाही, पण पडून राहणं बरं वाटायचं.

एकदा परशुराम काठी टेकत घरी आला. आता तोही कामावरून सुटला होता.

"कमलचा पाव खाल्ला. दही आंबट लावते गं."

"दही ताजं हवं. सांगते तिला," जनाबाई म्हणाली, आणि त्याला बसायला जागा व्हावी म्हणून चटईवर जरा सरकली.