चारांपैकी एक

११ मार्च १९९६, सोमवार, दुपारी सव्वातीन. माणसे चार : राघो, चिंधा, उखा, लखन.

सुरतेत नवागामजवळच्या एका पॉवरलूम कारखान्याचे छत, त्यावर परवानगीविना चढवलेल्या मजल्यासह, या चौघांवर कोसळले. पाचवा माणूस सुकदेव. तो पाणी पिण्यासाठी बाहेर आला होता, म्हणून वाचला. पाचही जण खानदेशातले, एकाच चाळीत राहणारे.

राघोचे नाव मालकाच्या हजेरीपटावर होते. इतर तिघे बदली कामगार. बदलीवाल्याचे नाव लिहिण्याची तेथे पद्धत नव्हती. इस्पितळात कारकुनाने उखाच्या पत्नीला, प्रमिलाबाईंना, मृताचे नाव विचारले. त्यांच्या रीतीत बाई नवऱ्याचे नाव उच्चारीत नाही. त्यांनी मान खाली घातली. नाव सांगू शकला असता असा दीर प्रेत गावी नेण्यासाठी टेम्पो ठरवायला गेला होता. कारकून थांबला नाही. त्याने ‘अनोळखी पुरुष’ असे लिहिले. चिंधा आणि लखन यांना ओळखणारे कोणी पोहोचण्यापूर्वीच त्यांच्यापुढेही तेच शब्द पडले होते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार मजूर ठार झाल्याच्या दोन ओळी आल्या. नाव एकही नव्हते.

सुकदेव अकरावीपर्यंत शिकलेला होता आणि कविता लिहीत असे. तेराव्यानंतर प्रमिलाबाई त्याच्या दारात आल्या.

“भाऊ, तू लिखस ना? मी नाव लेत नही. तू लिख. छापेल नाव माले दखाड.”

त्याने तसे वचन दिले. पाच महिन्यांत बावीस पाने झाली. आरंभी चौघांची नावे, गावे आणि वये होती. पुढे प्रत्येकाचे आयुष्य, जेवढे त्याला ठाऊक होते तेवढे. रविवारी मराठी वाचनालय चालवणारे बँकेतले प्रभाकर सर यांच्याकडे तो ती पाने घेऊन गेला.

“कागदाच्या एकाच बाजूला लिही. समास सोड. एका वेळी एकाच मासिकाकडे पाठव. आणि परतीचं पाकीट तिकीट लावून जोड.”

“परतीचं पाकीट आपणच द्यायचं, सर? म्हणजे परत येणार हे आपणच आधी कबूल करायचं?”

“सगळेच करतात,” प्रभाकर म्हणाले.

चाळीत आलेले पत्र ओट्यावर मोठ्याने वाचण्याचा रिवाज होता. सुकदेवच्या स्वतःच्या अक्षरातले पाकीट सात महिन्यांनी पहिल्यांदा परत आले, तेव्हा तेही वाचावे लागले. आत छापील चिठ्ठी होती : ‘आपले लेखन साभार परत करीत आहोत.’

“साभार म्हणजे काय रे भाऊ?” लखनच्या आईने विचारले.

“आभार मानीसन परत.”

“आभार मानतस, तं ठेवी का नही लेतस? आपला शेठ बी असाच. हात जोडीसन बाहेर काढस!”

सगळे हसले. सुकदेवही हसला, आणि पुढच्या रविवारी त्याने दुसरा पत्ता उतरवून घेतला. १९९८च्या उन्हाळ्यापर्यंत पाकीट चार वेळा परत आले. चौथ्या वेळी कोणी हसले नाही. प्रमिलाबाईंनी फक्त विचारले, “आजून किती ठिकाने शेतस?”

जुलैत पुण्याच्या पाचव्या मासिकाकडून हस्तलिखित उत्तर आले. ‘अनुभव अस्सल आहे. मात्र चार मृत्यूंमुळे परिणाम विखुरतो आणि आरंभीची नावांची यादी अहवालासारखी वाटते. कथा एकाच व्यक्तीवर केंद्रित केल्यास दिवाळी अंकासाठी अवश्य घेऊ.’

“संपादक चुकीचं सांगत नाहीत,” प्रभाकर म्हणाले.

“पण सर, ते चार होते.”

“होते. पण पाकीट पाचव्यांदा परत आलं, तर एकही छापला जाणार नाही. मग काय करशील?”

 त्या संध्याकाळी ओट्यावर त्याने पत्रातले पहिले वाक्य आणि ‘दिवाळी अंकासाठी अवश्य घेऊ’ एवढेच वाचले. बायकांनी साखर वाटली. पुढच्या तीन आठवड्यांत त्याने बाविसाची नऊ पाने केली. राघोवर त्याने सर्वाधिक लिहिले होते. वाक्ये तेथेच सर्वांत चांगली जमली होती. म्हणून राघो राहिला. हजेरीपटावर ज्याचे नाव आधीच होते तोच राहिला, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आले नाही. संपादकाने मागितले होते ते त्याने दिले, आणि ते चांगले लिहिले.

ऑक्टोबरात अंक आला. सुकदेवने संपूर्ण कथा वाचून दाखवली. प्रमिलाबाई निरक्षर होत्या; त्या शेवटच्या ओळीपर्यंत थांबल्या.

“आनि मना घरना मानूस? तो कोठे शे?”

“त्यास्नी एकच ठेवाले सांगं, वहिनी.”

“आनि तू आयकं? त्या पुण्याना मानसं. तू तं आठलाच, आपली चाळना ना रे भाऊ?”

लखनची आई उठली. “शेठनी तीन काढात. तू बी तेच तीन काढात,” ती म्हणाली आणि घरात गेली.

त्यानंतर ओट्यावर त्याची पत्रे ऐकायला कोणी बसले नाही. पुढच्या अंकात उरलेली तीन नावे छापावीत, अशी विनंती त्याने संपादकांना केली. पोस्टकार्ड आले : कथा ही कल्पित असते, तिच्याबाहेरील व्यक्तींची नोंद घेण्याचा मासिकाचा प्रघात नाही. मग त्याने मूळची बावीस पाने पुन्हा स्वच्छ उतरवली. १९९९ संपेपर्यंत ती आणखी दोन ठिकाणांहून परत आली. राघोची कथा मात्र दोघा समीक्षकांनी वाखाणली. ती कात्रणे प्रभाकरांनी वाचनालयाच्या फळ्यावर लावली. सुकदेवने ती काढून त्यांच्या हाती दिली आणि तो पाळीवर गेला.

चिंधा, उखा आणि लखन ही नावे अद्याप कोठेही छापलेली नाहीत. एवढे देणे बाकी आहे.