पाचशेतला एक

थिएटरात त्याला सगळे भिंगरी म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण तिथून बाहेर ते क्वचितच यायचं. तो बाल्कनीच्या दाराचा डोअरकीपर. तिकीट फाडायचं, खुर्ची दाखवायची, नाटक सुरू झालं की दार ओढून घ्यायचं, एवढंच काम. बसायला स्टूलही दिलेलं होतं, पण त्या स्टुलावर टेकलेला भिंगरी कुणी पाहिला नव्हता. उशिरा आलेल्यांना आणायला तो खाली धावे, कुणाची छत्री राहिली की ती घेऊन रस्त्यापर्यंत जाई, काहीच नसलं तर जिन्याचा कठडा पुसत वर-खाली करी. "बाबा रे, बस जरा, तुला बघून मलाच दम लागतो," असं मॅनेजर म्हणायचा.

मग एका दुपारी दम त्यालाच लागला. एका बाईंचा विसरलेला चष्मा खाली देऊन तो परत जिना चढत होता. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गडी पायरीवर कोसळला. लोकांनी उचलून दवाखान्यात नेला. तिथे छातीवर गार जेल चोपडून इको काढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं सडेतोड.

"तुमच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय. हा घराण्यातून आलेला आजार आहे. तुमच्याकडे कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का?"

गेला होता, मोठा भाऊ. नवं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवताना जो बसला तो उठलाच नाही. सगळ्या घराने त्या कपाटाला शिव्या घातल्या आणि वहिनीने ते मिळेल त्या भावात विकून टाकलं. बिचारं कपाट.

"लाखात एकाला होत असेल ना हे?" भिंगरीने विचारलं. आपलंच नशीब फुटकं, अशी त्याची समजूत.

"छे. साधारण पाचशेत एकाला. बहुतेकांना पत्ताच नसतो. तुम्ही गोळ्या घ्या, धावपळ बंद करा, वेळोवेळी दाखवत राहा, छान जगाल. पण मुलांची तपासणी करून घ्या. मुलांमध्ये उतरायची शक्यता निम्मी असते."

मुलं म्हणजे एकुलती एक लेक, आणि ती होती फायर ब्रिगेडच्या ट्रेनिंगमध्ये. पहिल्या वर्षी भरतीत नापास झाली, रडली नाही. दुसऱ्या वर्षी घेतली तेव्हा मात्र जिन्यात बसून ढसाढसा रडली. आता पाण्याने भरलेला पाइप खांद्यावर टाकून पळायचं, शिडीवरून चौथ्या मजल्याएवढ्या मनोऱ्यावर चढायचं, आणि शेवटच्या परीक्षेत पास झाली की कायमची नोकरी. त्याआधी छातीत दोष निघाला तर उभ्या उभ्या घरी.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "उपाशीपोटी चक्कर आली." लेकीलाही तेच. बायको म्हणाली, "अहो, मग खात जा की वेळेवर!" आणि विषय संपला. त्याच्या बाजूने नाही संपला. भरतीच्या वेळी डॉक्टरने तिची छाती तपासली होतीच की, असं तो स्वतःला बजावी. मग आठवे, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, नुसती नळी छातीला लावून हा आजार दर वेळी कळतोच असं नाही. मग म्हणे, परीक्षा होऊ दे, मग सांगू. मग म्हणे, परीक्षेतच काही झालं तर? रोज सकाळी तो लेकीचे बूट पॉलिश करायला घेई. आज बोलायचंच, असं ठरवून ब्रश चालवी, बूट आरशासारखे करी, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून ते तिच्यापुढे ठेवी.

पण पोटातली गोष्ट कुठून तरी बाहेर पडतेच. त्याच्या थिएटरात खुर्च्या होत्या पाचशेच्या आसपास. म्हणजे नाटक हाउसफुल्ल गेलं की आत एक जण तसा असणारच, असा सरळ हिशेब त्याच्या डोक्यात बसला. डॉक्टरीणबाईंनी हिशेब असा करतात का, असं विचारलं असतं. पण त्यांना विचारतो कोण? भिंगरी बाल्कनीच्या दारात उभा राहून जिना चढणाऱ्यांच्या छात्या न्याहाळू लागला. कोण धापा टाकतंय, कोण कठडा धरतंय, कोण मध्येच थांबून चित्रं बघितल्याचं नाटक करतंय.

"दम लागला का हो?" तिकीट फाडता फाडता तो विचारी. "चक्कर वगैरे? घरात कुणी तरुण माणूस अचानक गेलं होतं का?"

माणसं चार घटका हसायला आलेली! एका जाड्या गृहस्थाने हातातला पॉपकॉर्नचा पुडा छातीशी धरला आणि "माझ्या वजनावर बोलू नका" म्हणून आवाज चढवला. एक आजीबाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला धाप लागते, पण फक्त माझी बहीण राहायला आली की." कुणी हसलं, कुणी चिडलं, दोघांनी तिकिटं परत केली. मॅनेजरने त्याला बोलावून घेतलं.

"अरे, तू तिकिटं फाड, माणसं का फाडतोस? शुभ बोल की जरा! उद्यापासून खालचं दार बघ."

खालच्या दाराला जिना नव्हता. तिथे कुणालाच धाप लागेना, म्हणून तो आणखीच कासावीस झाला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच तर त्याचे पाय एका जागी ठरत नव्हते.

परीक्षेच्या दिवशी लेक सकाळीच गेली. "शुभेच्छा द्या की, बाबा," म्हणाली, तर त्याने नुसती मान हलवली. दुपारच्या खेळाआधी तो दार उघडत होता, तेवढ्यात एक बाई समोर येऊन उभी राहिली. तिकीट नव्हतं तिच्याकडे.

"तुम्ही वरच्या दाराला होतात ना? मला विचारलं होतंत, घरात कुणी अचानक गेलंय का म्हणून. माझा भाऊ गेला होता. मी तेव्हा तुमच्यावर चिडले होते."

"चुकलं माझं, बाई."

"चुकलं कसलं? मी स्वतःला दाखवलं. मग मुलालाही नेलं. दोघांनाही आहे." बाईंनी पदराने मान पुसली. "फुटबॉल बंद झाला त्याचा. माझ्याशी बोलत नाही, ताट ढकलून देतो, खोलीचं दार आपटतो. आपटू दे. मी बाहेर उभी राहून तो आवाज ऐकते." मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला मुलं आहेत? त्यांचं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," भिंगरी म्हणाला. बाई निघून गेल्या. त्याने तिकिटांचा गठ्ठा स्टुलावर ठेवला आणि दार तसंच उघडं टाकून रस्त्यावर आला.

धावायचं नव्हतं, म्हणून रिक्षा केली. पण रिक्षातसुद्धा तो पुढे सरकून सरकून बसत होता. मैदानाच्या जाळीपाशी उतरला तेव्हा रांग लागली होती. हेल्मेट घातलेली दहा-बारा पोरं आणि त्यांत त्याची लेक. तिच्यापुढे दोघंच उरली होती. त्याने हाक मारली. तिने लाजून हातानेच "जा" केलं. त्याने पुन्हा हाक मारली, तेव्हा त्याचा आवाज ऐकून ती घाबरून जाळीपाशी आली.

"आईला काही झालं?"

"नाही. मला झालंय." आणि मग त्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं. काका, कपाट, इको, निम्मी शक्यता. "तुला असेलच असं नाही. पण तपासल्याशिवाय चढू नकोस, बाळा."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"चक्कर आली तेव्हाच."

"तेव्हापासून गप्प?" तिचा चेहरा लालबुंद झाला. "कुणालाच नाही सांगितलंत?"

खोटं बोलायची आता त्याच्यात ताकद नव्हती. "थिएटरात सांगत होतो. येईल त्याला."

"येईल त्याला! सगळ्या गावाला सांगून झालं आणि माझा नंबर शेवटी?"

"त्यांच्यात तसं काही निघेल म्हणून मला भीती वाटत नव्हती गं," तो म्हणाला, आणि जाळीला धरून भर मैदानासमोर रडू लागला.

शिट्टी वाजली. परीक्षा घेणाऱ्या सरांनी तिचा नंबर पुकारला. ती हलली नाही. दुसऱ्यांदा पुकारला, तेव्हा तिने मनोऱ्याकडे एकदा पाहिलं, हनुवटीखालचा पट्टा सोडला आणि हेल्मेट काढून हातात घेतलं. मग ती सरांकडे चालत गेली. ती काय बोलली ते त्याला ऐकू आलं नाही. सर आधी हसले, मग गंभीर झाले, मग त्यांनी तिच्या हातातून हेल्मेट घेतलं. फाटकातून ती बाहेर आली, तेव्हा तिने बापाकडे बघितलंसुद्धा नाही.

"चला," ती म्हणाली. "दाखवा कुठाय तो दवाखाना."