फसव्या दगडाचं डिपार्टमेंट

आमच्या कॉलेजचं भूगर्भशास्त्राचं डिपार्टमेंट बंद पडलं तेव्हा कपाटं गेली, खुर्च्या गेल्या, दारावरची पाटीसुद्धा कोणीतरी नेली. किस्से तेवढे कोणी उचलले नाहीत! ते आम्हा मास्तरांकडेच पडून राहिले. वर्ध्याच्या बसस्टँडमागे चहाला जमलो की एक निघतो, मग त्याला धरून दुसरा. आणि निम्म्याहून जास्त किस्से एकाच दगडाचे. फेनाकाइटचे!

फेनाकाइट म्हणजे बेरिलियम या धातूचा सिलिकेट. दुर्मिळ. काचेसारखा स्वच्छ, क्वार्ट्झपेक्षा कठीण आणि वजनालाही जड. पण नुसत्या डोळ्यांना दिसतो क्वार्ट्झच, म्हणजे आपली साधी गारगोटी. जाणकारही फसायचे, म्हणून ग्रीक भाषेतल्या ‘फसवणारा’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. आमच्या कपाटात अंगठ्याएवढा एक तुकडा होता.

*

प्रॅक्टिकलची परीक्षा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तोच तुकडा एका मुलीसमोर धरला.

“हे काय?”

“फेनाकाइट, सर.”

“नीट बघ. क्वार्ट्झ आहे.”

मुलीनं ट्रेमधला क्वार्ट्झ उचलला आणि त्यावर हा तुकडा ओढला. क्वार्ट्झवर सरळ चरा उठला! परीक्षकांचे कान लाल झाले. आमचे विभागप्रमुख वानखेडे सर बाजूलाच उभे होते. परीक्षकांना चहाला घेऊन गेले.

मार्क कमीच आले. मुलगी रडत सरांकडे गेली, तर सर म्हणाले, “बाई, तू दगड ओळखला. माणूस नाही ओळखला!”

पुढच्या वर्षी तिनं विषय बदलला.

*

आंजी गावचे एक शेतकरी पोतं घेऊन आले. विहिरीसाठी सुरुंग लावला, तर खडकात पोकळी निघाली, आतून सगळी चकाकणारी. मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ पाहून आले होते.

“हा तो बेरिलियमवाला गोटा हाय ना, सर?”

मी म्हटलं, “नाही काका. आपल्याकडे लाव्ह्याचा काळा खडक. बेरिलियम ग्रॅनाइटच्या मुलखात मिळतं. तिथला वितळलेला खडक थंड होत आला की शेवटी जो रस उरतो, त्यात ते गोळा होतं. तुमची ही गारगोटी. आणि विहिरीला पाणी?”

“पानी कुठचं? हेच लागलं.”

ते पोत्याकडे बघत बसले. मग माझ्याकडे.

“पानी नाई, तो गोटाबी इथं भेटत नाई. मंग तुमी मास्तर लोक इथं काऊन बसून राह्यले?”

दोन वर्षांनी सरकारनंही आम्हाला हेच विचारलं. फक्त भाषा शुद्ध होती!

*

हा आमच्यातल्या ठोंबरे मॅडमचा किस्सा. त्या सांगत नाहीत, आम्हीच सांगतो.

मॅडम वर्गात बेरिलियम शिकवत होत्या. “दगड हातात घ्या, काही होत नाही. पण बेरिलियमची बारीक धूळ छातीत गेली तर फुप्फुसं कायमची जातात. माणूस नुसता खोकत राहतो.”

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. कधी तोंड न उघडणारा.

“मॅडम, कापसात बेरिलियम राह्यते का?”

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. “नाही रे. कापसात कुठून येणार?”

“मंग माहा बाप काऊन खोकलते? जन्मभर कापसाच्या जिनिंगमधी होता.”

मॅडमनी पुस्तक मिटलं. तास संपायला बराच वेळ होता. 

*

डिपार्टमेंट बंद झाल्यावर खोली रिकामी करायची होती. लाकूड भंगारवाल्यानं घेतलं. दगड कोण घेणार? कोणीतरी अक्कल चालवली आणि सगळे नमुने नव्या पार्किंगच्या भरावात ओतले. रोलर फिरवला, वर सिमेंट!

ठोंबरे मॅडम आता दुसऱ्या डिपार्टमेंटात भूगोल शिकवतात. रोज तिथंच गाडी लावतात आणि भेटल्या की म्हणतात, “अख्ख्या विदर्भात माझीच स्कूटी फेनाकाइटवर उभी राहते!”



*

आता ढगेचा.

ढगे आमच्यातला सगळ्यात सरळ माणूस. पुलगावहून रेल्वेनं यायचा. एकदा आम्ही पोरांना घेऊन राजस्थानात पाचूच्या जुन्या खाणी बघायला गेलो होतो. तिथल्या अभ्रकाच्या खडकात पाचूसोबत फेनाकाइटही मिळतो. खाणीबाहेरच्या मातीच्या ढिगात ढगेला एक स्वच्छ खडा सापडला. नाचतच आला! वानखेडे सरांनी लांबूनच बघितलं.

“गारगोटी आहे ढगे. फेकून द्या.”

परत आल्यावर ढगेनं खड्याची घनता काढली. बरोबर फेनाकाइटची आली. सर म्हणाले, “तुमचा काटा बिघडलाय.” तपासा म्हटलं तर, “गारगोटीत काय तपासायचं?”

ढगेनं खडा पैलू पाडून चांदीच्या अंगठीत बसवला. मग रोज चहाला सरांचं ठरलेलं वाक्य, “काय ढगे, गारगोटी बरी आहे ना?” आम्ही सगळे हसायचो. ढगे पहिल्यांदा हसला होता. नंतर तो अंगठीचा हात टेबलाखाली ठेवायला लागला.

गेला तो अचानक, हार्टअटॅकनं. बोट सुजलं होतं, अंगठी निघेना. ढगेवहिनी म्हणाल्या, “राहू द्या. त्यायची हाय, त्यायच्यासंगं जाऊ द्या.”

तिसऱ्या दिवशी राख सावडायला वहिनींसोबत आम्ही वर्धा नदीवरच्या स्मशानात गेलो. चांदीचा काळा गोळा झाला होता. शेजारीच काजळी धरलेला खडा. एवढ्या आगीत क्वार्ट्झ सहसा तडकतो, पांढरा पडतो. फेनाकाइटला काही होत नाही.

वानखेडे सरांनी खडा नदीत धुतला. रुमालानं पुसला. खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. मीही शेजारी वाकलो. मलाही दिसलं. एक तडा नाही. स्वच्छ पाण्यासारखा!

सर वहिनींकडे वळले. 

“वहिनी, हा फेनाकाइटच आहे. ढगे बरोबर होते.”

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. राखेचं मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि सरांच्या पुढ्यात ठेवलं.

“मले काय सांगता, सर? त्यायले सांगा.”

सर खाली बसले. मडक्याच्या तोंडाशी वाकले आणि हळू आवाजात बोलायला लागले.