साडेपाचचा पराक्रम

नोकरीतला तुमचा सगळ्यांत मोठा पराक्रम कोणता, असं कुणी विचारलं की मी बेधडक सांगतो, एका संध्याकाळी साडेपाच वाजता मी खुर्चीवरून उठलो. ऐकणारा हसतो. मग मी त्याला बसवून घेतो आणि सगळं ऐकवतो. कारण त्या उठण्याला मला तीन महिने लागले होते, आणि तेवढ्यात माझी मुलगी माझ्या हातून निसटत चालली होती.

मी मूळचा साताऱ्याचा. लखनौला आम्ही इंदिरा नगरात राहत होतो. शहराबाहेरच्या एका कारखान्यात पाण्याच्या पंपांची कंट्रोल पॅनेल बनायची, तिथल्या डिझाइन विभागात मी बारा वर्षं ड्रॉइंगं काढली. दोन हजार अकराच्या उन्हाळ्यात आमचे जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि त्यांच्या केबिनची किल्ली माझ्याकडे आली. त्या दिवशी मी घरी मिठाईचा डबा नेला, बायकोनं औक्षण केलं, साताऱ्याला फोन झाले. खोटं कशाला बोलू, मी फुगलो होतो.

जुने मॅनेजर साडेपाचचा काटा टेकला रे टेकला की टिफिनची पिशवी उचलायचे, छत्री काखेत मारायचे आणि ‘अच्छा भई’ म्हणून चालू पडायचे. ऊन असो, थंडी असो, कामाचा डोंगर असो. मनातल्या मनात मी त्यांना कामचुकार म्हणायचो. मी मॅनेजर झालो तेव्हा पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, आपण असं करायचं नाही. ज्याच्या नावाची पाटी दारावर, त्यानं सगळ्यांच्या शेवटी दिवे बंद करायचे. माझ्या हाताखाली आठ माणसं होती. आठही जण घरी गेल्याशिवाय मी हलणार नव्हतो.

आणि काय टीम मिळाली होती! साडेपाच वाजले, सहा वाजले, साडेसहा वाजले, कुणी जागचं हलायला तयार नाही. केबिनच्या काचेतून मला आठ वाकलेली डोकी दिसायची आणि ऊर भरून यायचा. जुन्या साहेबांच्या काळात हीच माणसं पावणेसहाला पसार व्हायची. माझ्या हाताला काहीतरी गुण असणार, अशी माझी खात्री पटली. सहानंतर मला स्वतःला काही काम उरत नसे, ही गोष्ट वेगळी. मी जुनी ड्रॉइंगं सालवार लावली. मग ती आकारानुसार लावली. मग पुन्हा सालवार लावली. आठ वाजता चौकीदार कुलूप घेऊन आला की सगळे एकदम निघायचो, आणि घरी पोचेपर्यंत पोळ्या गार झालेल्या असायच्या.

घरी बायको होती, शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी, आणि नऊ वर्षांची लेक. लेकीला मराठी सगळं कळायचं. पण उत्तर यायचं ते हिंदीत. जन्म इथला, शाळा इथली, मैत्रिणी इथल्या, तिला तरी काय बोलणार? अलीगंजच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळींचा गणपती बसायचा. त्या वर्षी मंडळातल्या एका निवृत्त शास्त्रज्ञ बाईंनी मुलांसाठी नाटुकलं लिहिलं होतं. जत्रेत एक बाबा हरवतो. त्याची मुलगी तडक लाउडस्पीकरवाल्याकडे जाते आणि माइक हातात घेऊन बाबाचं वर्णन ऐकवते, उंची बेताची, टक्कल सुरू, खिशाला पेन, राग नाकावर. शेवटी बाबा धावत येतो आणि एकच वाक्य बोलतो. बाईंचा आग्रह होता की बाबाच्या भूमिकेत खराखुरा बाबाच हवा. लेकीची निवड झाली आणि तिच्यासोबत माझीही. बायको पेटी वाजवणार होती, म्हणून लेकीला तालमीला नेणं-आणणं तिच्याकडे आलं.

तालीम रोज सव्वासहाला. पहिल्या दिवशी मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. दोन आठवड्यांत मी एकदाही गेलो नाही. माझ्या जागी बँकेतले एक काका हातात वही धरून उभे राहायचे. एका बुधवारी मी घरी पोचलो, तर लेक जेवून दप्तर भरत होती. वर न बघता म्हणाली, “पापा, आप रहने दीजिए. अंकल अच्छा कर लेते हैं.”

माझा भडका उडाला. “मी काय मजा मारत बसतो का तिथे?” असं काहीबाही बोललो. लेक खोलीत निघून गेली.

“तिच्यावर ओरडू नकोस,” बायको म्हणाली. “शनिवारी बाई नक्की करणार आहेत. तोपर्यंत आलास तर तू, नाहीतर काका.”

“आठ माणसं राबत असताना मी साहेब असून आधी उठू?”

“इतकं काय राबतात रे ते?” तिनं विचारलं. मी जास्तच चिडलो आणि ताट पुढे ओढून गार पोळी चावत बसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला मी कुठलंसं ड्रॉइंग घ्यायला केबिनबाहेर आलो. आमच्यात सगळ्यांत वडीलधारे होते ते जुन्या शहरातल्या चौक नावाच्या मोहल्ल्यात राहणारे एक सहकारी. खरं तर मॅनेजरची खुर्ची त्यांनाच मिळायला हवी होती, असं माझ्यासकट सगळ्यांना वाटत होतं. मी त्यांना बडे भाई म्हणायचो. ते घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी टेबलाचा खण उघडला, कागदाच्या पुडीतून एक खजूर काढला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि तो तोंडात टाकला. वर पाण्याचे दोन घोट. रमजान लागून चार दिवस झाले होते. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेला माणूस माझ्यासमोर, ट्यूबलाइटखाली, फाइलींच्या ढिगात रोजा सोडत होता.

“बडे भाई, घर क्यों नहीं गए?”

ते लगबगीनं उभे राहिले. “आप तशरीफ़ रखते हैं साहब, हम कैसे उठ जाएँ?”

“मैं तो इसलिए बैठा हूँ कि आप लोग बैठे हैं!”

बडे भाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. “तीन महीने, साहब?” ते एवढंच म्हणाले. कोपऱ्यात कुणीतरी फिस्कन हसलं, आणि मग आठही जणांना आवरेना. हळूहळू कबुल्या यायला लागल्या. एकजण सहानंतर संगणकावर पत्ते खेळायचा. एकानं मुलाचं विज्ञानाचं पुस्तक दोनदा वाचून संपवलं होतं. लखनौच्या अदबीबद्दल बाहेरचे लोक डोळे मिचकावून ‘पहले आप, पहले आप’ म्हणता म्हणता गाडी चुकल्याचा जो किस्सा सांगतात, तो मी इथे सांगणार नाही. तो माझ्यावरच बेतला होता, आणि मी तर साताऱ्याचा!

हसलो सगळ्यांबरोबर मीही, पण आत मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. चौकात त्यांच्या घरी जेवणाचं दस्तरखान अंथरलेलं असणार, नातवंडं वाट बघत असणार, आणि आजोबा इथे माझी ऐट सांभाळत बसलेले. मी माफी मागितली. त्यांनी पुडीतला दुसरा खजूर माझ्या हातावर ठेवला. खजूर खाताना मला जुने मॅनेजर आठवले. त्यांचं उठणं हीच आमची सुटीची घंटा होती, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्याला मी बारा वर्षं कामचुकार समजलो, तो माणूस रोज साडेपाचला आम्हां सगळ्यांना आपापल्या घरी पोचवत होता.

शुक्रवारी साडेपाचला मी उठलो. वाचायला हे सोपं वाटेल. केबिनपासून दारापर्यंत वीस पावलं, पण एखाद्या गुन्हेगारासारखं वाटत होतं. दारात वळून मी घसा खाकरला आणि म्हणालो, “अच्छा भई.” पाठीमागे आठ खुर्च्या एकदम सरकल्या. तो आवाज आजही माझ्या कानात आहे, आणि कुठल्याही बढतीच्या पत्रानं मला तेवढा आनंद दिलेला नाही.

रिंग रोडनं स्कूटर हाणली, टेढी पुलिया नाक्याच्या गर्दीत हॉर्न वाजवून वाजवून अंगठा दुखायला लागला. हॉलमध्ये शिरलो तेव्हा तालीम सुरू होती. लेक धावत वगैरे आली नाही. ती काकांकडे गेली, त्यांच्या हातातली वही घेतली आणि आणून माझ्या हातात दिली. काकांचाही जीव भांड्यात पडला, त्यांना दोन आठवडे गुडघेदुखीचं औषध घेऊन धावत यावं लागत होतं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. पुढच्या आठवड्यात ऐन तालमीत बडे भाईंचा फोन आला. पॅनेल ट्रकवर चढत होतं आणि सोबतचं वायरिंगचं ड्रॉइंग जुनं निघालं होतं. “मैं आता हूँ,” म्हणत मी चपला घालायला लागलो.

“मत आइए साहब,” ते म्हणाले. “ट्रक रुकवा दिया है. ड्रॉइंग हम बदल देंगे. आप बिटिया को देखिए.”

मी एक चप्पल घालून उभा. लेक माइक म्हणून हातात पाण्याची बाटली धरून माझ्याकडेच बघत होती. मी चप्पल काढली. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच कारखान्यात जाऊन ते ड्रॉइंग तपासलं, आणि कबूल करतो, चूक सापडावी अशी माझी मनोमन इच्छा होती. चूक नव्हती. उलट तारांची मांडणी माझ्यापेक्षा सुटसुटीत होती. माझा अर्धा दिवस फुरंगटण्यात गेला. दुपारी मी बडे भाईंना सांगून टाकलं, यापुढे ट्रक सोडण्याआधीची शेवटची सही तुमची. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि आधी चष्मा पुसला. त्या महिन्यातली सगळी ड्रॉइंगं वेळेत गेली, ती एक संध्याकाळ सोडली तर दिव्यांना साडेपाचनंतर सुटी देऊन.

ईदच्या दुसऱ्या दिवशी गणपती बसले. नाटुकलं तिसऱ्या दिवशी होतं. विंगेतून डोकावलो तर तिसऱ्या रांगेत माझी आठही माणसं, बायकामुलांसह. बडे भाई शेरवानीत, मांडीवर शेवयांचा डबा. मराठीचं एक अक्षर न समजणारे ते लोक सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते. लेकीनं माइक घेतला आणि हरवलेल्या बाबाचं वर्णन असं खणखणीत मराठीत ठोकलं की हॉल गडगडला. मग मी धावत रंगमंचावर आलो आणि माझं एकुलतं एक वाक्य साफ विसरलो.

लेक वाट बघून थकली. शेवटी तिनं कुजबुजून वाक्य सांगितलं. पण तोंडाशी माइक तसाच होता. त्यामुळे “मी तुलाच शोधत होतो” हे बाबाचं वाक्य तिच्या आवाजात सगळ्या हॉलनं ऐकलं. मीही ते मागाहून म्हटलं. लोकांना वाटलं, असंच बसवलंय. बाई नंतर माझी पाठ थोपटून गेल्या, मी ती खुशाल थोपटून घेतली.

आरती झाली. मागच्या अंगणात प्रसादाची पानं मांडली गेली, हॉल रिकामा झाला. मी दमून पहिल्या रांगेत बसलो होतो, लेक शेजारी पाय हलवत होती. तिला ऑफिसची ती गोष्ट तोंडपाठ होती. आमच्या घरात ती महिनाभर गाजत होती. तिनं मागे वळून पाहिलं. तिसरी रांग तशीच भरलेली होती. बडे भाई डब्यावर हात ठेवून ताठ बसले होते.

लेकीनं माझी बाही ओढली. हातात माइक नव्हता, वही नव्हती, हे वाक्य कुणी लिहूनही दिलेलं नव्हतं.

“बाबा, तू आधी ऊठ ना,” ती म्हणाली. “तू उठल्याशिवाय ते कुणी जेवायला जाणार नाहीत.”

मी उठलो.