डोळे मिटून भाजणारे मामा

आमचे खानसामा मामा डोळे मिटून कबाब भाजायचे. परसात लांबट शेगडी, तिच्यावर दहा-बारा सळया, धूर वाऱ्याबरोबर कधी इकडे तर कधी तिकडे, आणि हा माणूस स्टुलावर ताठ बसलेला, मान जराशी कलती, डोळे मिटलेले. मध्येच हात पुढे जायचा. नेमकी तिसरी सळई उलटायची, आठवी उचलली जायची. कच्चं काही निघायचं नाही आणि करपलेलंही नाही. बिदरला नौबादेतल्या आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे, "खानसामाचं नाक म्हंजी नाक हाय. निस्त्या वासावर भाजतोय." गुलबर्ग्याच्या माझ्या शाळेत मीही बरोबरच्या शिक्षिकांना मोठ्या अभिमानानं हेच सांगायची.

मामा माझ्या आईचे थोरले भाऊ. मूळचे आळंद तालुक्यातल्या खजुरीचे. निजामाचं राज्य होतं तेव्हा बिदरच्या एका जागीरदाराच्या मुदपाकखान्यात ते हे काम शिकले. पुढे राज्य गेलं, जागीर गेली, बिदर म्हैसूरकडे आलं आणि मामा सरकारी विश्रामगृहात खानसामा म्हणून लागले. त्याच सुमाराला आमच्या लोकांनी धम्म स्वीकारला. मामा म्हणायचे, "माझं राज्य बदललं, धरम बदलला, साहेबाची भाषा बदलली. म्या म्हनलं, बदला बाबांनो, माझी आग तेवढी बदलू नगासा."

त्या नोकरीचं मोल आम्हा भाचरांना एका प्रसंगावरून कळलं होतं. एकदा विश्रामगृहात काही मंडळी साहेबांना भेटायला आली. त्यांत खजुरीचे एक बडे शेतकरी होते. मामांच्या तरुणपणी यांच्या विहिरीवर आमच्या घरच्यांना वरून पाणी ओतलं जायचं, खाली ओंजळ धरावी लागायची. त्या दिवशी त्यांनी मामांच्या हातचे कबाब दोनदा मागून घेतले आणि खानसामाला बाहेर बोलवा म्हणाले. मामा पांढराशुभ्र कोट घालून बाहेर आले, हात जोडले, आणि कुणी विचारायच्या आत आपलं गाव, बापाचं नाव आणि घर कोणत्या बाजूला होतं ते स्पष्ट सांगितलं. तो माणूस ताटाकडे बघत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "अजून एक आणा." मामा हे सांगताना कधी हसले नाहीत. एवढंच म्हणायचे, "त्येनं 'आण' न्हाई म्हनलं. 'आणा' म्हनलं."

निवृत्तीनंतर दर रविवारी परसातली शेगडी पेटायची. डांबराचं पिंप उभं चिरून, त्याला चार पाय जोडून ती केलेली होती. बाभळीचा कोळसा, वाऱ्याला पुठ्ठा, आणि मामींचं वाटण. पहिली सळई उतरली की मामा मामींना हाक मारून विचारायचे, "काय गं, वास कसा यायलाय?" मामी आतूनच सांगायच्या, "चांगला यायलाय की." मग मामा आम्हाला वाढायचे. आम्हाला वाटायचं, इतकी वर्षं झाली तरी या माणसाला बायकोच्या तोंडून कौतुक ऐकायची हौस आहे. मामींना खोकला होता. धुराचा लोट बाजू बदलून आला की त्या पदर तोंडाला लावून आत जायच्या, पण प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय राहायच्या नाहीत.

एका रविवारी त्या शेगडीचा गंजलेला पाय मोडला. सगळे निखारे खाली आले आणि शेजारी उभ्या असलेल्या मामींच्या पावलावर सांडले. मी दसऱ्याच्या सुट्टीत तिथंच होते. मामींचं पाऊल पाण्याच्या घंगाळात धरून मी मामांवर ओरडत होते, आणि मामा हातानंच निखारे बाजूला करत होते. नुसत्या हातानं. चिमटा जवळ पडला होता, तो त्यांना दिसला नाही.

नवी शेगडी घ्यावीच लागणार होती. मी हट्टाला पेटले की आता गॅसची. मामींच्या नावानं लावलेला गॅसचा नंबर नुकताच लागला होता, सिलिंडर घरात येऊन पडलं होतं. गुलबर्ग्यात बसण्णा म्हणून एक वेल्डर होता. भोकं पाडलेली लांब नळी आणि वर सळयांसाठी खाचा, अशी शेगडी तो बनवून द्यायला तयार होता. धूर नाही, राख नाही, निखारा सांडायची भीती नाही. मामींची छाती तरी धुरातून सुटेल.

मामा ऐकेनात. "मास्तरीण," ते मला याच नावानं हाक मारायचे, "कोळसा बोलतोय. तुझा ग्यास मुका हाय."

"मामा, गॅसनं काय बोलायचंय तुमच्याशी?"

"दिसतबी न्हाई नीट. उन्हात निळी आग कुठं दिसती? जी दिसंना अन् बोलंना, तिच्या म्होरं म्या कामून बसू?"

मी खूप हसले. म्हटलं, नाक आहे ना तुमचं जगात एक! त्यावर ते एकदम उठून परसात गेले. म्हाताऱ्या माणसाचा हेका, असं मी मामींना म्हणाले. आठवडाभर हा वाद चालला. शेवटी मामींच्या पायाची पट्टी बदलताना मामांनी ते लाल झालेलं पाऊल पाहिलं आणि मला म्हणाले, "आण तुझा ग्यास."

बसण्णानं शेगडी झकास केली होती. पण पहिल्याच दिवशी मामांनी सहा सळया करपवल्या आणि पुढच्या सहा कच्च्या काढल्या. गल्लीतली माणसं अवघडून खात होती. मामा कधी नव्हे ते डोळे उघडे ठेवून, वाकून वाकून बघत होते. मी म्हटलं, "सवय होईल हळूहळू." माझ्या बोलण्यानं त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी तेव्हा राग समजले. ती भीती होती.

पुढच्या रविवारी सकाळी मी आणि मामी कोथिंबीर-लिंबं आणायला गेलो. वारा होता, म्हणून मामांनी शेगडी मागच्या पत्र्याच्या पडवीत घेतली होती. आम्ही अकराच्या सुमाराला परतलो. पुढचं दार उघडलं आणि माझ्या नाकात तो वास भसकन शिरला. इतका दाट की घशात आल्यासारखा झाला. मामी दारातच थबकल्या. मी पिशवी टाकली आणि आत धावले.

पडवीची दोन्ही दारं लावलेली होती. मी दार ढकललं. मामा पाटावर शांत बसलेले, शेवटच्या सळईवर खिमा नुकताच थापून झालेला. गॅसचं बटण पूर्ण फिरवून ते विसरलेले, आणि वाऱ्यानं खडखडणाऱ्या पत्र्यांखाली त्याची सुरसुर ऐकू येत नव्हती. ओला हात फडक्याला पुसून त्यांनी काड्यापेटी उचलली होती आणि एक काडी बाहेर काढली होती. ते माझ्याकडे बघून हसले. "आलीस व्हय? थांब, पेटवतोच."

मी किंचाळले. काय किंचाळले ते आठवत नाही. त्यांच्या अंगावर झेप घेऊन काड्यापेटी हिसकावली. सिलिंडर बंद केलं, दारं सताड उघडून काड्यापेटी परसात भिरकावली, मामांना दंडाला धरून फरफटत अंगणात आणलं. ते अडखळत आले. पुसलेल्या बोटांनाही थोडा खिमा चिकटलेला होता.

"कामून ओरडायलीस एवढं? काय झालं?"

"मामा, वास येत नाही का तुम्हाला?"

"कसला वास?"

गल्लीतली माणसं भिंतीवरून डोकावत होती, पलीकडच्या घरातली बाई पदर नाकाला लावून विचारत होती की सिलिंडर फुटलं का. सगळ्या गल्लीला तो वास आला होता. एकट्या मामांना आला नव्हता.

मामी लंगडत पुढे आल्या. त्यांनी मामांच्या समोर उभं राहून पदरातली कोथिंबिरीची जुडी त्यांच्या नाकाशी धरली. "ह्येचा?"

मामांनी नकारार्थी मान हलवली.

"कवापास्नं?"

"सायकलीवरनं पडलो व्हतो बघ. डोस्क्याला मागं लागलं व्हतं. तवापास्नं."

मी मनातल्या मनात वर्षं मोजली. ते पडले तेव्हा नोकरीत होते. तीन दिवस दवाखान्यात राहून हसत घरी आले होते आणि आम्ही पेढे वाटले होते. त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. दहा वर्षं या माणसाला कशाचाच वास येत नव्हता, त्यातली निम्मी त्यानं विश्रामगृहात साहेबांना जेवू घालत काढली होती, आणि हे कुणालाच, अगदी एका घरात राहणाऱ्या बायकोलाही, ठाऊक नव्हतं.

"सांगायचं न्हाई?" मामी म्हणाल्या.

"बिननाकाच्या खानसामाला कोन ठिवतंय? लई कष्टानं त्या चुलीपतोर गेलतो म्या."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र होतं. सुरुवातीला तो आवाज ओला आणि जाड असतो, मांस शिजत आलं की बारीक होतो, आणि थांबला की सळई उचलायची. मामा ते ऐकत होते. त्यासाठीच डोळे मिटत होते. आम्ही ज्याला नाकाची करामत म्हणत होतो ती कानांची होती. बसण्णाच्या शेगडीत थेंब खालच्या पत्र्यावर पडून गुपचूप वाहून जात होता. मामांनी मला सरळ सांगितलं होतं की गॅस मुका आहे, आणि मी त्यावर हसले होते.

मामींनी गॅसबद्दल एक शब्द काढला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मग रोज जेवताना म्हनायलाव, आज फोडनीचा वास मस्त आलाय, ते?"

मामा खाली बघत म्हणाले, "तुझ्या तोंडाकडं बघून म्हनायचो. तू खुश दिसलीस का म्हनायचो."

मामी तिथंच अंगणात बसल्या आणि रडायला लागल्या. मला वाटलं होतं त्या चिडतील. मीच चिडले होते, स्वतःवर आणि मामांवर. एक काडी. मी आणि मामी रस्त्यात कुणाशी दोन शब्द बोलत थांबलो असतो तरी पुरलं असतं.

त्यानंतर कित्येक रविवार शेगडी पेटली नाही. मामा परसात नुसते बसून राहायचे. बसण्णाला मी सगळं सांगितलं तेव्हा तो कपाळाला हात लावून म्हणाला, "अक्का, आधी सांगायचं की!" कोणी आधी सांगायचं होतं, हेच तर मला कळत नव्हतं. त्यानं जाड पत्र्याची, रुंद पायांची कोळशाची शेगडी बनवली आणि माझ्याबरोबर बिदरपर्यंत येऊन ती स्वतः परसात बसवून दिली. तरी मामा उठेनात. शेवटी एका रविवारी मामींनीच कोळसे पेटवले, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मला शिकवा. नाक माझं, कान तुमचं." मामा आले. मग ते दोघं शेजारी बसू लागले. मामींचा खोकला फार वाढला की मामा पुठ्ठ्यानं धूर दुसरीकडे वळवायचे. गॅस स्वयंपाकघरात गेला, आणि त्याच्या बटणाला हात लावायचा नाही, हा मामींचा हुकूम मामांनी शेवटपर्यंत पाळला.

तीनेक वर्षांनी थंडीच्या दिवसांत मी त्यांना भेटून गुलबर्ग्याला निघाले. मामा थकले होते, तरी बस स्टँडपर्यंत आले. बस सुटायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. ती आमची शेवटची भेट ठरली. संक्रांतीच्या आधीच ते गेले.

त्या दिवशी बाकावर इकडेतिकडे बघून, कुणी ऐकत नाही अशी खात्री करून त्यांनी विचारलं, "मास्तरीण, एक सांग. ग्यासचा वास कसा असतोय गं?"

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. गॅस त्यांच्या घरात आला तेव्हा त्यांचं नाक जाऊन दहा वर्षं झाली होती. ज्या वासानं सगळी गल्ली घराबाहेर आली, तो त्यांनी जन्मात कधी घेतलाच नव्हता.

"सडलेल्या कांद्यासारखा, मामा. घाण येतो."

"खरं सांगायलीस?"

"खरंच."

ते हलकेच हसले.

"म्या समजलो व्हतो, गोड असंल," ते म्हणाले. "तुमी समदे त्येच्यासाठी एवढं मागं लागला व्हता, म्हनून."

कंडक्टरनं घंटी मारली. मी उठले, त्यांच्या पाया पडले आणि बसमध्ये चढले.