लाख वातींची दुरडी

माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे मला एका तापात कळलं. जालन्याला मस्तगडात, भावाच्या घरी, माजघराच्या कोपऱ्यात मी आठ दिवस पडून होते. नवव्या दिवशी भिंतीला धरून उठले आणि पाहिलं, तर सगळं जागच्या जागी. देवांची पूजा झालेली, तुळशीला पाणी घातलेलं, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधलेले, पुतण्यांच्या वेण्याही माझ्यापेक्षा घट्ट घातलेल्या. वहिनी म्हणाली, "वन्सं, उठू नका एवढ्यात. सगळं आवरलंय." ती मायेनंच बोलली. मी मात्र परत अंथरुणावर जाऊन बसले.

छळाची कहाणी सांगायला मी बसलेली नाही, कारण छळ नव्हताच. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी कपाळ पांढरं, मग आलवण आणि भावाचं घर. भाऊ कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. दिवसभर उर्दू कागदांत मान घालून बसायचा, पण घरी आला की आधी मला विचारायचा, "आक्का, जेवलीस का?" कुणी कधी उणा शब्द बोललं नाही. पण ताटं मांडताना जशी एखादी जास्तीची वाटी फडताळातच राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, तशी मी त्या घरात राहत होते. दुपारी सगळे आडवे झाले की देवघरासमोर बसून मी गणपतीला विचारायची, "मला कशासाठी ठेवलंस?" मोक्षबिक्ष मला नको होता. खरं सांगायचं तर मोक्षातलं मला फारसं कळतही नव्हतं. कुणीतरी दारातून हाक मारावी आणि ती माझ्याचसाठी असावी, दुसऱ्या कुणी ओ देऊन भागू नये, एवढंच मला हवं होतं. त्या एका हाकेसाठी मी इतकी झुरले की रस्त्यावर कुणी "आक्का" म्हटलं तरी वळून पाहायची, आणि ते दुसऱ्याच कुणाच्या आक्काला बोलावत असत.

पस्तिशीला आले तेव्हा कथेला आलेल्या एका पुराणिकबुवांनी मला लाख वातींचं व्रत सांगितलं. एक लाख वाती आपल्या हातानं, सोवळ्यात वळायच्या, दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही, आणि शेवटी तुपात भिजवून देवापुढे एकदम उजळायच्या. मी मुळातच हट्टी. मी देवाशी उघड उघड सौदा केला की लाख वाती मी देईन, उत्तर तू दे. जालन्यात कापसाच्या जिनांची धडधड दिवसभर चालायची, पण यंत्रातला कापूस व्रताला कसा चालेल? मी शेतावरून बोंडं मागवायची, हातानं सरकी काढायची, पेळू करून मांडीवर वात वळायची. शंभर झाल्या की एक जुडी बांधायची. पुतणी चिडवायची, "आत्या, देवाकडे एवढा अंधार आहे का गं?" मी डोळे वटारायची, पण हात थांबत नसे.

तीन वर्षांनी लाख पुरे झाले. पौषातली अंगारकी धरून राजूरच्या गणपतीला जायचं ठरलं. नेमका आदल्या दिवशी पुतण्याला गोवर उठला आणि भाऊ-वहिनी राहिले. मग आमच्या शेताचे वाटेकरी भिकामामा, ज्यांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून हुरडा खाऊ घातला होता, त्यांच्या गाडीतून मी निघाले. सोबतीला आळीतल्या आणखी दोन गाड्या होत्या. वातींची दुरडी धूतवस्त्रात बांधून मी मांडीवर घेतली होती. निरंकार उपास, कडाक्याची थंडी, आणि मनात एकच गोष्ट, की आज चंद्र उगवला की मला कळणार.

राजूर तीन-चार कोसांवर राहिलं आणि आमच्या गाडीच्या एका चाकाची लोखंडी धाव निसटली. मामांनी उतरून चाक पाहिलं आणि मुंडासं मागं सारलं.

"आक्का, लोहार आनल्याबगर हे चाक चालत न्हाई. मी जल्दी गावात जाऊन येतो. तुमी त्यांच्या गाडीत बसता का?"

दुसऱ्या गाड्यांत दाटी होती, सोवळं सांभाळलं नसतं. मी त्यांना पुढे जायला सांगितलं आणि शाळूच्या शेताच्या बांधावर दुरडी पोटाशी धरून बसले. गाड्यांची घुंगरं ऐकू येईनाशी झाली. तेव्हा मला पलीकडच्या खोपीतून कण्हणं ऐकू आलं.

मी उठले, दारापर्यंत गेले आणि थबकले. आत एक पोर, विशीचीही नसेल, आढ्याला बांधलेल्या दोरीला धरून गुडघ्यांवर बसली होती. काय चाललं आहे ते कळायला वेळ लागला नाही. बोडकं डोकं, लाल आलवण, अशी बाई बाळंतिणीच्या दारात उभी राहत नाही. आमच्या आळीत बारसं असलं तरी मी मागच्या दारानं आत जायची. मी पाऊल मागं घेतलं आणि म्हणाले, "मी बाहेरच थांबते. कुणाला तरी बोलावते."

"कोनाला बोलवता?" ती म्हणाली. "धनी सकाळधरनं सुईनीला आनाया गेल्ते, अजून पत्त्या न्हाई. तुमीच या वं माय. आत या."

मी आत गेले. तिचं नाव गोदा. आठवा महिना नुकता लागला होता. तिला मागून धरायचं एवढंच मला सुचत होतं, तेवढ्यात दारात सावली पडली. शेळ्या-मेंढ्या घेऊन चाललेली एक म्हातारी धनगरीण हातातली काठी दाराशी ठेवून सरळ आत आली. तिनं काही विचारलं नाही. मला म्हणाली, "पानी तापव," आणि मी तापवलं. थोड्या वेळानं पोर जन्मली. माझ्या वितीपेक्षा थोडी मोठी, सालं काढलेल्या कांद्यासारखी पातळ कातडी, आणि रडणं असं की मांजराचं पिल्लूही त्याहून मोठ्यानं ओरडेल. गोदानं मान वळवून विचारलं, "जगंल का?" आठव्यातलं मूल जगत नाही असं सगळे म्हणतात. म्हातारी ते बोलली नाही. तिनं नाळ कापली, पोरीला पदरात घेतलं आणि इकडं तिकडं पाहिलं.

"गारठून मरंल ही. कापूस पायजे. हाय का घरात?"

घरात शाळूची कणसं होती, दोन गोधड्या होत्या, कापूस नव्हता.

"त्या दुरडीत काय हाय वं?"

इथं मी खोटं लिहिणार नाही. मी दुरडी दोन्ही हातांनी छातीशी ओढली. बाळंतपणाच्या सोयेरातला हात लागलेली वात देवापुढे लावता येत नाही. तीन वर्षं, एक लाख वाती, आणि चंद्र उगवायला एका दुपारचा अवकाश. माझं उत्तर अगदी हाताशी आलं होतं. मी म्हणाले, "ते देवाचं आहे."

"मंग बराबर हाय," म्हातारी म्हणाली. "दे इकडं."

मी गाठ सोडली आणि एक मूठ वाती काढून दिल्या. तिनं त्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि एक हात पसरून तशीच बसून राहिली. ती रागावली असती तर मी कदाचित भांडले असते. पोरीचं रडणं बारीक बारीक होत चाललं होतं. कसं कोण जाणे, माझ्याच हातांनी सगळ्या जुड्या सोडल्या, वाती पिंजून मोकळ्या केल्या, दुरडीत त्यांची गादी केली आणि पोरीला आत ठेवून वरून वाती पांघरल्या. फक्त तोंड उघडं राहिलं.

पोरीला चोखता येत नव्हतं. म्हातारीनं एक शेळी आत आणून खुंटीला बांधली, दूध काढलं, त्यात पाणी घातलं. मग एक वात उचलून बोटांत फिरवून पाहिली. "लई बारीक वळतीस गं. हिची माय लई थकलीय, तूच पाज. वात बुडवायची, निथळू द्यायची, ओठाला लावायची. घोट गेल्याबिगर दुसरा थेंब देऊ नको." शेळी ठेवून जाते, परत फिरताना नेईन, एवढं म्हणून तिनं काठी उचलली. कोण, कुठली, मी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी ती खरंच आली आणि शेळी घेऊन गेली. तिला गाव असेल, सुना-नातवंडं असतील. तरी त्या दुपारी तिला कुणीतरी पाठवलं होतं असंच मला वाटतं, आणि ते मला कुणाला पटवूनही द्यायचं नाही.

दिवस कलताना गोदाचा नवरा एकटाच परतला. सुईण दुसऱ्या गावी गेली होती. त्याच्या मागोमाग मामाही आले. "आक्का, धाव बसली. आता निघालो तर चंद्र उगायच्या आत पोचतो बघा." मग त्यांना दुरडी दिसली. "आन वाती?"

"त्या कामी आल्या," मी म्हणाले. "मामा, तुम्ही घरी जा. भाऊला सांगा, मी इथं राहिले आहे."

चंद्र कधी उगवला ते मला कळलंच नाही. दर थोड्या वेळानं एक वात बुडवायची, निथळवायची, ओठांच्या फटीत टेकवायची आणि त्या इवल्या गळ्याकडे पाहत राहायचं. पहिले तीन दिवस दुधाचे अर्धे थेंब गालावरूनच ओघळले. भिजलेल्या वाती वाळल्या की मी शेकोटीत टाकायची, तेवढंच काय ते त्यांचं जळणं. त्या दिवसांत मी देवाला काही विचारलं नाही. विचारायला सवडच नव्हती. अकराव्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी वात लावली आणि माझ्या चिमटीला ओढ बसली. पोरगी चोखत होती. मी वात सोडली नाही आणि तीही सोडेना. अडतीस वर्षांत कुणी मला असं धरलं नव्हतं. मी मोठ्यानं रडले. गोदा घाबरून उठली, मग तिला कळलं, मग तीही रडायला लागली. तिचा नवरा दारात उभा राहून नुसताच "काय झालं, काय झालं" करत होता. त्यानंच पुढे पोरीचं नाव कापशी ठेवलं.

पुढचं इथंच सांगून टाकते. व्रत मोडलं, पुन्हा पहिल्यापासून वाती वळा, असं पुराणिकबुवा म्हणाले. मी हो म्हटलं. अजून हो म्हणतेच आहे. कापूस मात्र घरात कधी संपू दिला नाही. कापशीची गोष्ट कशी पसरली कोण जाणे, पण आधी आमच्या आळीतून, मग सगळ्या जालन्यातून, मुसलमानांच्या मोहल्ल्यातूनसुद्धा माणसं यायला लागली. "आक्का हायत का? आमचं लेकरू लई बारीक हाय." पुढे धामधुमीचे दिवस आले, लोक दिवसाही कड्या लावून बसत, तेव्हाही आमचं दार वाजायचं. वहिनी जेवणाचं ताट झाकून ठेवायची आणि म्हणायची, "वन्सं, तुमच्यावाचून बाई आमचं घरच अडतं आता." सगळी बाळं जगली असं नाही. जी गेली ती माझ्या हातांत गेली, एकटी गेली नाहीत, एवढं मी करू शकले. लोकांनी माझे उपकार मानले. उपकार कुणी कुणावर केले हे मला ठाऊक आहे, म्हणून मी रोज देवासमोर आधी ते आठवते आणि मगच घंटा वाजवते.

पण मला सांगायचं होतं ते त्या बाराव्या दिवसाचं. भिकामामा भावाचा निरोप घेऊन गाडी घेऊन आले. निदान दर्शन तरी घेऊन ये, असं त्यानं कळवलं होतं. गोदाला दोन-तीनदा वात लावून दाखवली, न्हाले आणि राजूरला गेले. गर्दी नव्हती. टेकडी चढून गाभाऱ्यासमोर उभी राहिले, तेव्हा माझ्याजवळ वाहायला काही नव्हतं. दुरडी पोरीच्या अंगाखाली होती. मी नुसते हात जोडले. मूठमूठ मोजून, अटी घालून जे मी द्यायला निघाले होते, ते त्यानं दुरडीसकट घेतलं होतं. आणि मला हलकं वाटत होतं. डोळे मिटले तर मूर्तीच्या जागी ते इवलंसं तोंडच दिसायला लागलं. मी प्रसादाचं खोबरं पदरात बांधलं आणि खाली उतरले.

गाडी कोसभर आली असेल, तेव्हा मला एकदम आठवलं आणि मी कपाळावर हात मारला.

"काय झालं आक्का? काही राह्यलं का तिथं?" मामांनी विचारलं.

"देवाला एक गोष्ट विचारायची होती. तीन वर्षं घोकत होते. तीच राहिली."

"मंग फिरवू का गाडी? लई दूर न्हाई आलो आपन."

मी मागं वळून पाहिलं. टेकडीवरचा कळस अजून दिसत होता.

"नको मामा," मी म्हणाले. "जल्दी हाका. तिची दूध पाजायची वेळ झाली."